लाडक्या माणसाचा गुन्हा

आमच्या वर्गातल्या मुलांना जॅक ब्लॅक हे नाव सांगितले तर ती एकमेकांच्या तोंडाकडे पाहतील. पण 'कुंग फू पांडा' म्हटले की अर्धा वर्ग बाकावरून उठून हातपाय झाडू लागतो. २००८ साली आलेल्या त्या चित्रपटातल्या खादाड, धांदरट पांडाला मूळ इंग्रजीत ज्याने आवाज दिला तो नट म्हणजे जॅक ब्लॅक. त्या चित्रपटाने जगभरात साठ कोटी डॉलरच्या वर धंदा केला. त्यानंतर तीनच वर्षांनी, २०११ साली, याच नटाने एका खऱ्या खुनाच्या हकिकतीत खुन्याची भूमिका केली. चित्रपटाचे नाव 'बर्नी'. दिग्दर्शक रिचर्ड लिंकलेटर. तो अमेरिकेतल्या चित्रपटगृहांत २०१२ साली लागला आणि तिथली त्याची कमाई एक कोटी डॉलरच्याही आत राहिली. आमच्या ओळखीपाळखीत हा चित्रपट पाहिलेला माणूस आम्हाला अजून भेटलेला नाही.

एका उन्हाळी सुटीत आम्ही तो घरी संगणकावर पाहिला. टेक्ससची बोली कानाला झेपेना, म्हणून खाली उमटणारी अक्षरे वाचत पाहिला. पहिल्या वेळी आम्ही पुष्कळ हसलो. दुसऱ्या वेळी कमी हसलो. तिसऱ्या वेळी मात्र आमचे आम्हालाच विचारावेसे वाटले की, एका म्हाताऱ्या बाईच्या पाठीत चार गोळ्या घालणाऱ्या माणसाला शिक्षा होऊ नये असे आम्हाला दीड तास का वाटत होते? हा लेख त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आहे. उत्तराचा बराचसा भाग जॅक ब्लॅकच्या अभिनयात आहे, आणि उरलेला आमच्या स्वभावात.

घडलेली हकीकत

टेक्सस राज्याच्या पूर्वेला, लुइझियानाच्या सीमेजवळ कार्थेज नावाचे छोटे गाव आहे. वस्ती सहा-सात हजारांची. तिथे बर्नी टीडी नावाचा तरुण मयताचे विधी करणाऱ्या एका संस्थेत कामाला होता. प्रेत धुणे, नटवणे, पेटीत ठेवणे, घरच्यांचे सांत्वन करणे, प्रार्थनेच्या वेळी गाणे, ही सगळी कामे तो करी आणि इतक्या मायेने करी की गावाने त्याला डोक्यावर घेतले. चर्चमध्ये तो गाई, गावच्या नाटकांत काम करी, अडलेल्याला मदत करी.

१९९० साली गावातल्या एका धनाढ्य माणसाचे निधन झाले. त्याची विधवा मार्जोरी न्यूजंट. बाई श्रीमंत, हेकट, कुणाशी पटवून न घेणारी, नातेवाइकांशीही फाटलेली, अशी तिची ख्याती. बर्नीने तिच्याशी मैत्री केली. पुढे तिचा सगळा व्यवहार त्याच्या हाती आला. दोघे देशोदेशी फिरले. बाईने आपल्या मृत्युपत्रात त्याचे नाव घातले. आणि १९९६ च्या नोव्हेंबरात बर्नीने तिला तिच्याच घरी मागून गोळ्या घातल्या. तेव्हा ती ८१ वर्षांची होती आणि तो ३८ वर्षांचा. प्रेत त्याने घरातल्या मोठ्या शीतपेटीत, गोठवलेल्या खाद्यपदार्थांच्या खाली ठेवले. नऊ महिने ते तिथेच होते. या नऊ महिन्यांत तो बाईचा पैसा गावावर उधळत राहिला. कुणाला धंद्याला भांडवल, कुणाला मोटार, चर्चला देणगी. बाईंची चौकशी झालीच तर त्या आजारी आहेत, बाहेरगावी आहेत, अशा थापा. १९९७ च्या ऑगस्टमध्ये प्रेत सापडले आणि बर्नीने लगेच गुन्हा कबूल केला.

खरे नवल यापुढे आहे. गाव बर्नीवर संतापले नाही. गावाला त्याची कीव आली. इतकी की सरकारी वकील डॅनी बक डेव्हिडसन याला धास्ती पडली, या गावातले पंच खुन्याला सोडून देतील. एरवी 'इथे आमच्याविरुद्ध वातावरण आहे, खटला दुसरीकडे हलवा' अशी विनंती आरोपीचा वकील करतो. इथे ती सरकारी वकिलाने केली, कारण आरोपी गावाचा फार लाडका होता. खटला काही कोसांवरच्या सॅन ऑगस्टीन गावात चालला आणि १९९९ साली बर्नीला जन्मठेप झाली.

ही सगळी हकीकत स्किप हॉलंड्सवर्थ या पत्रकाराने 'टेक्सस मंथली' मासिकाच्या जानेवारी १९९८ च्या अंकात लिहिली होती. त्या लेखावरून लिंकलेटर आणि हॉलंड्सवर्थ या दोघांनी मिळून पटकथा केली.

नटाने काय टाळले

आपल्याकडे विनोदी नट गंभीर भूमिका करतो तेव्हा बहुधा काय होते हे वाचकांना ठाऊक आहे. तो रडतो. आयुष्यभर हसवणारा माणूस रडला की प्रेक्षकही रडतो, आणि मग आपण म्हणतो, 'पाहा, हाही अभिनय करू शकतो.' १९७४ च्या 'कुंवारा बाप'मध्ये मेहमूदने आपल्याला असेच रडवले होते. त्यात काही वावगे आहे असे नाही. पण ती वाट आता फार मळलेली आहे. मराठीत या वाटेने न जाता काही केले ते १९९२ च्या 'एक होता विदूषक'मध्ये लक्ष्मीकांत बेर्डे यांनी. जब्बार पटेल यांचे दिग्दर्शन आणि पु. ल. देशपांडे यांचे लेखन असूनही आमच्या प्रेक्षकांनी त्या चित्रपटाकडे पाठ फिरवली. लक्ष्याने हसवावे एवढीच त्यांची मागणी होती. नटावर प्रेक्षकाचे प्रेम असते तेव्हा ते प्रेम त्याला बांधूनही ठेवते.

जॅक ब्लॅकवरही असेच प्रेम होते. त्याचा विनोद मोठ्या आवाजाचा. भुवया उडवायच्या, डोळे फिरवायचे, गाता गाता किंचाळायचे, अवजड शरीर असे झोकून द्यायचे की पाहणारा हसून लोळेल. याच लिंकलेटरच्या २००३ च्या 'स्कूल ऑफ रॉक'मध्ये त्याने खोटा मास्तर बनून एका शाळेतली मुले बिघडवली होती. (मास्तर म्हणून आम्हाला तो चित्रपट पाहताना धाकधूक वाटली, पण तो प्रकार पुन्हा कधीतरी.) 'बर्नी'मध्ये त्याने यातले जवळजवळ सगळे बाजूला ठेवले आहे.

चाल पाहा. बर्नी छोटी छोटी पावले टाकत, पाठ ताठ ठेवून चालतो, जणू सतत कुणाच्या तरी मयताला आला आहे आणि पावलांचा आवाज होऊ नये याची काळजी घेत आहे. बारीक मिशी, इस्त्रीचे कपडे, कमरेच्या वर चढवलेली विजार. आवाज मऊ. समोरच्याचा हात धरताना तो आपल्या दोन्ही हातांत धरतो. चर्चची भजने तो गातो ती सरळ, श्रद्धेने, थट्टेचा सूर न लावता. जॅक ब्लॅक चांगला गातो हे त्याच्या चाहत्यांना माहीत होतेच. पण तो गाण्याची टिंगल न करता गाऊ शकतो, हे या चित्रपटाने दाखवले.

सुरुवातीचाच प्रसंग घ्या. बर्नी विद्यार्थ्यांपुढे एका प्रेतावर प्रात्यक्षिक करून दाखवतो आहे. डोळे कसे मिटवावेत, ओठ कसे जुळवावेत, रंग किती लावावा, हात कसे ठेवावेत. प्रसंग हास्याचा आहे आणि आपण हसतोही. पण नट हसत नाही. 'पाहा मी किती विचित्र माणूस रंगवतो आहे' असे तो प्रेक्षकाला डोळा मारून सांगत नाही. त्या प्रेताच्या हातांची घडी घालताना त्याच्या बोटांत जी काळजी आहे ती खरी वाटते. पुढे हेच हात बंदूक धरणार आहेत हे आपल्याला कळते तेव्हाही या प्रसंगातली माया खोटी ठरत नाही. खुनी आधी ढोंग करीत होता आणि मग उघडा पडला, अशी ही गोष्ट नाही. माया खरी आणि खूनही खरा. या दोन्ही गोष्टी एकाच चेहऱ्यावर राहू शकतात हे दाखवणे, हेच या अभिनयाचे यश आहे.

दुसरा प्रसंग जेवणाचा. बाई घास चावते आहे. चावतेच आहे. बर्नी समोर बसून पाहतो आहे. एवढेच. जुना जॅक ब्लॅक इथे तोंड वाकडे करून हशा घेऊन गेला असता. हा बर्नी फक्त वाट पाहतो. त्याच्या चेहऱ्यावर हसू कायम आहे, पण डोळे थकत चालले आहेत. पुढच्या गुन्ह्याचे बी आम्हाला इथे दिसले. ते रागाचे नाही. कुणालाही 'नाही' म्हणता न येणाऱ्या माणसाच्या थकव्याचे आहे. जो सगळ्यांना हवाहवासा वाटतो त्याला कुणापाशी चिडण्याची सोय नसते. चीड आत साचते आणि एके दिवशी चार गोळ्या होऊन बाहेर पडते. बंदूकही कसली, तर अंगण उकरणाऱ्या प्राण्यांना मारायला बाईने घरात ठेवलेली. खुनाच्या क्षणी नटाचा चेहरा क्रूर होत नाही. तो रिकामा होतो. आणि लगेच पुढे त्या चेहऱ्यावर येतो तो धक्का, जणू हे दुसऱ्याच कुणी केले.

एक गंमत वाचकांच्या लक्षात आणून द्यायची आहे. या चित्रपटात विनोदी नट गंभीर काम करतो आणि देखणा नायक विनोदी काम करतो. मॅथ्यू मॅकॉनहे हा त्या काळी प्रेमकथांचा नायक. त्याला लिंकलेटरने सरकारी वकील डॅनी बक केले आहे. मोठा चष्मा, मोठी टोपी, प्रसिद्धीची हौस. भर न्यायालयात तो एका प्रसिद्ध संगीतिकेचे फ्रेंच नाव चुकीचे उच्चारतो आणि आरोपीला विचारतो की, माशाबरोबर कोणती वाइन घ्यायची. बर्नी बिचारा खरे उत्तर देतो. पंचांना कळते की हा आपल्यातला नाही, हा बड्या लोकांच्या ताटात जेवणारा आहे. आपण वकिलाला हसतो. पण नीट पाहिले तर या सबंध चित्रपटात मेलेल्या बाईच्या बाजूने उभा राहणारा माणूस मुख्यतः हाच, हा विदूषक. ज्याला हसायचे तो न्याय मागतो आहे आणि ज्याच्यावर प्रेम करायचे त्याने खून केला आहे. ही अदलाबदल कुणाला केवळ गंमत वाटेल. आमच्या मते चित्रपटाचा सगळा अर्थ तिच्यात आहे.

गाव साक्षीला

चित्रपटात मधून मधून गावकरी कॅमेऱ्याकडे तोंड करून बोलतात. त्यांत काही नट आहेत, पण बरेच जण कार्थेजचेच खरे रहिवासी आहेत. बर्नीला आणि बाईला त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले होते. मॅकॉनहेची खरीखुरी आईही या गावकऱ्यांत आहे. आपल्याकडे पारावर, चहाच्या टपरीवर किंवा मशिदीबाहेर वुजू करताना ज्या गप्पा चालतात, अगदी तशा या गप्पा. अमुक किती चांगला, तमकी किती खडूस, आणि शेजारच्या गावचे लोक कसे गावंढळ. सॅन ऑगस्टीनच्या पंचांविषयी कार्थेजकर जे बोलतात ते ऐकून आम्हाला आमच्याच तालुक्यातल्या दोन गावांची आठवण झाली.

पहिल्या वेळी आम्ही या गप्पांना फक्त हसलो होतो. नंतर लक्षात आले की या गप्पा म्हणजे साक्षी आहेत. फक्त त्या गुन्ह्याविषयीच्या नाहीत, स्वभावाविषयीच्या आहेत. बर्नीने मारले की नाही हा प्रश्न गावापुढे नाहीच, कारण त्याने कबूल केले आहे. गाव एवढेच म्हणते आहे की तो चांगला आहे. आणि ती? ती चांगली नव्हती. जणू हे सांगितले की खटला संपला.

इथे जॅक ब्लॅकला ही भूमिका देण्यातली खरी हुशारी कळते. एखाद्या अनोळखी नटाने बर्नी केला असता तर गाव त्याच्यावर का भाळले हे आपल्याला समजावून सांगावे लागले असते. जॅक ब्लॅकवर आपण आधीच भाळलेले आहोत. पांडा म्हणून, खोटा मास्तर म्हणून. त्याने काही करण्याआधीच आपण त्याच्या बाजूचे आहोत. म्हणजे कार्थेजच्या पंचांत आपणही जाऊन बसलो आहोत, आणि आपल्या ते लक्षातही आलेले नाही. मराठीत १९८६ साली 'माफीचा साक्षीदार' आला. पुण्याच्या जोशी-अभ्यंकर हत्याकांडावरचा चित्रपट. त्यातल्या नाना पाटेकरला पाहून आपण पहिल्यापासून भ्यालो. भ्यालेल्या माणसाला आपली बाजू निवडणे सोपे जाते. 'बर्नी'मध्ये ते सोपे ठेवलेले नाही.

खटला दुसऱ्या गावी हलवण्याची गोष्टही या दृष्टीने पाहावी. कायद्याने ही सोय केली आहे कारण गावाचे मन आधीच ठरलेले असू शकते. आपल्याकडे २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने बेस्ट बेकरी हत्याकांडाचा खटला गुजरातबाहेर, महाराष्ट्रात पुन्हा चालवायला सांगितला, तेव्हा तिथे न्याय होण्यासारखे वातावरण नाही हेच त्यामागे होते. तिथे साक्षीदारांवर दहशत होती, इथे आरोपीवर प्रेम आहे. या दोन गोष्टी सारख्या नव्हेत आणि त्या एका तराजूत तोलू नयेत. पण दोन्हींवरून एकच धडा मिळतो. न्यायाधीशाला कधीकधी मुद्दाम परक्या गावचा असावे लागते. आपल्या माणसाचा न्याय आपल्याला करता येत नाही.

मय्यत आणि तिचा मान

आमच्या मोहल्ल्यात मय्यतीला गुस्ल देणारे एक चाचा होते. रात्री-अपरात्री दार वाजले तरी ते उठत. गुस्ल देताना जे दिसले ते बाहेर बोलायचे नाही, मेलेल्याचे ऐब झाकायचे, हा त्यांचा कायदा. दफनाला उशीर होऊ लागला की ते अस्वस्थ होत आणि जमलेल्यांना घाई करायला लावत. पण लग्नाच्या जेवणात त्यांच्या शेजारी बसायला पोरे बिचकत. कार्थेजमध्ये याच्या उलट. तिथे मेलेल्यांची सेवा करणारा माणूस गावातला सर्वांत लोकप्रिय माणूस झाला.

म्हणूनच ती शीतपेटी आम्हाला विसरता येत नाही. ज्या माणसाने शेकडो अनोळखी प्रेतांचे हात मायेने जुळवले, त्याने आपल्या सर्वांत जवळच्या बाईला नऊ महिने गोठवलेल्या जेवणाखाली ठेवले. ना गुस्ल, ना प्रार्थना, ना पेटी. दुसऱ्या कुठल्याही खुन्याबाबत आपण याला केवळ पुरावा लपवणे म्हटले असते. पण बर्नीसारखा माणूस प्रेताचे काय करायला हवे हे न जाणणारा नव्हता. तेवढे एकच तो जाणत होता. आणि तेच त्याच्या हातून झाले नाही. जॅक ब्लॅक त्या पेटीजवळून जातो-येतो तेव्हा त्याची ती मऊ चाल किंचित बदलते असे आम्हाला वाटले. तिसऱ्यांदा पाहताना आम्ही मुद्दाम त्याच्या पायांकडे पाहत होतो.

आता चित्रपटाविषयीची तक्रार. शर्ली मॅक्लेन या ज्येष्ठ अभिनेत्रीने मार्जोरी न्यूजंट केली आहे आणि उत्तम केली आहे. बर्नी तिच्या दारी फुले घेऊन येतो तेव्हा तिचा आंबट चेहरा हळूहळू उलगडतो. प्रवासात तर ती एखाद्या मुलीसारखी दिसते. पण तिला आपल्या बाजूने बोलायला चित्रपट फार कमी जागा देतो. ती अशी का झाली, इतक्या मोठ्या घरात एकटी कशी राहिली, बर्नी सोडून जाईल या भीतीने तिला घेरले होते का, हे सगळे आपण तिच्या चेहऱ्यावरून ताडायचे. गावकरी बोलतात, वकील बोलतो, बर्नी बोलतो. मेलेली बाई बोलत नाही. तिच्या एका पत्रकार भाच्याने २०१२ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या वृत्तपत्राच्या पुरवणीत तिच्यावर लेख लिहिला आणि त्यानेही ती कठोरच होती असे सांगितले. मानले. ती कठोर होती. पण कठोर स्वभावाला कुठल्याच कायद्यात देहान्ताची शिक्षा नाही.

दिग्दर्शकाने हे मुद्दाम केले की त्यालाही बर्नीची भुरळ पडली? आम्हाला दोन्ही खरे वाटते. याला पुरावा म्हणजे नंतर घडलेल्या गोष्टी.

पडदा पडल्यावर

चित्रपट आल्यावर एका वकील बाईने बर्नीचे प्रकरण पुन्हा हाती घेतले. लहानपणी त्याच्यावर लैंगिक अत्याचार झाले होते आणि त्याची छाया त्या खुनावर होती, असा मुद्दा न्यायालयापुढे आला. ज्याने त्याला तुरुंगात धाडले त्या डॅनी बकनेही शिक्षा कमी व्हावी याला संमती दिली. २०१४ च्या मे महिन्यात बर्नी जामिनावर सुटला. अट अशी की त्याने दिग्दर्शक लिंकलेटरच्या ऑस्टिन येथील घराच्या गॅरेजवरच्या खोलीत राहायचे! पटकथेतले पात्र पटकथाकाराच्या घरी राहायला गेले. असे आम्ही तरी दुसरे उदाहरण ऐकलेले नाही.

पण मार्जोरी न्यूजंटच्या घरच्यांना हे मान्य नव्हते. २०१६ साली शिक्षेपुरता खटला पुन्हा उभा राहिला, तोही कार्थेजबाहेर, हेंडरसन गावात. या पंचांपुढे जॅक ब्लॅक नव्हता. खरा, वयस्क झालेला बर्नी होता आणि मेलेल्या बाईची नातवंडे होती. पंचांनी पुन्हा जन्मठेपेचीच शिक्षा दिली. नंतर २०२३ साली टेक्ससच्या तुरुंगांतल्या जीवघेण्या उष्म्याविरुद्ध याच बर्नीने न्यायालयात दाद मागितली आणि ती लढाई इतर कैद्यांचीही झाली. माणूस शेवटपर्यंत एका रंगाचा होत नाही तो असा.

२०१४ ची सुटका बरोबर की २०१६ चा निकाल, हे ठरवण्याचा आम्हाला अधिकार नाही. लहानपणीच्या जखमा न्यायालयाने ऐकल्याच पाहिजेत. आम्ही रोज मुलांत वावरतो, गप्प बसणाऱ्या मुलाच्या पाठीमागे घरी काय चालले असते हे थोडेफार जाणतो. पण एवढे मात्र म्हणू की चित्रपट हाही एक साक्षीदार झाला. स्वभावाची साक्ष देणारा, गोड बोलणारा, ज्याची उलटतपासणी कुणी घेतली नाही असा.

आमची कबुली

दुसऱ्याच्या भाबडेपणावर इतके लिहिल्यावर स्वतःचे सांगितले पाहिजे. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे सातवीचा वर्ग होता. सहलीसाठी गोळा केलेले पैसे वर्गातून गेले. वर्गात एक मुलगा होता, तिरसट, कपडे मळके, विचारले तर खाली मान घालून उत्तर देणारा. दुसरा एक होता, दिसला की आधी सलाम करणारा, न सांगता फळा पुसणारा, गोड गळ्याने नात म्हणणारा. आम्ही कुणाचे दप्तर सगळ्या वर्गासमोर रिकामे केले हे वाचकांनी ओळखले असेल. काही सापडले नाही. दोन दिवसांनी पैसे सापडले ते दुसऱ्याच्या कंपासपेटीत. त्याला आम्ही बाजूला घेऊन हळू आवाजात समजावले. 'बेटा, पुन्हा असे करू नकोस.' तो रडला, आम्हालाही भरून आले. आणि त्या पहिल्या मुलाची माफी? ती आम्ही वर्गासमोर मागितली नाही. विषय मिटला असे समजून पुढचा धडा घेतला.

'बर्नी' तिसऱ्यांदा पाहताना हे आठवले. गोड मुलाला माफ केले यात आमची चूक नव्हती. माफी ही मोठीच गोष्ट आहे. चूक ही की आमची सगळी माया त्याच्यावर खर्च झाली आणि ज्याचे नुकसान झाले त्याच्यासाठी काही उरले नाही. कार्थेजनेही हेच केले. बर्नीवर दया केली यात काही वाईट नाही. वाईट एवढेच की दयेचा तो साठा बाईच्या वाट्याला येण्याआधीच संपला होता.

जॅक ब्लॅकला या भूमिकेसाठी गोल्डन ग्लोब पुरस्काराचे नामांकन मिळाले. विभाग होता विनोदी आणि संगीतप्रधान चित्रपटांचा. म्हणजे परीक्षकांनीही त्याला शेवटी हसवणाऱ्यांच्याच रांगेत बसवले. चित्रपटाच्या अखेरीस, नावे सरकू लागतात तेव्हा, तुरुंगात खऱ्या बर्नीसमोर बसलेला जॅक ब्लॅक दिसतो. तो बोलत कमी आहे, ऐकत आणि पाहत जास्त आहे. समोरचा माणूस हात कसे हलवतो, हसतो कसा, हे तो टिपून घेत असावा. नटाचे काम तेच. समोरच्याला लगेच चांगला किंवा वाईट न ठरवता आधी नीट पाहणे. मास्तराचे आणि पंचाचेही काम तेच आहे, फक्त त्यांना नंतर ठरवावेही लागते.

हा चित्रपट जमल्यास जरूर पाहावा, आणि दोनदा पाहावा. पहिल्या वेळी मनसोक्त हसावे. दुसऱ्या वेळी महिने मोजावेत. नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी, असे करत ऑगस्टपर्यंत. या काळात गावाला मोटारी मिळाल्या, चर्चला देणगी मिळाली, नाटके झाली, गाणी झाली. सहा-सात हजारांच्या त्या गावात ती बाई खरेच कुठे आहे, हे बर्नीच्या थापांच्या पलीकडे जाऊन पाहायला नऊ महिने लागले. तिच्या घरी जाऊन दार ठोठावावे इतकी ती कुणाला आवडत नव्हती.